नाटकाच्या कपडेपटातून ड्रेस डिपार्टमेंटकडे: माझा रेझ्युमे कसा घडला

मराठी नाटकाच्या विंगेत काम केलेल्या माणसाला हिंदी वेब मालिकांच्या सेटवर काम करता येतं, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. अडचण कागदावर येते. सवाई एकांकिकेच्या अंतिम फेरीतल्या एकांकिकेची वेशभूषा तुम्ही केली होती, असं म्हटलं की दादर, परळ, विलेपार्ल्याच्या नाटकवाल्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. पण अंधेरीतल्या ऑफिसात बसलेली, दिल्लीहून किंवा कोलकात्याहून आलेली कॉस्च्युम डिझायनर ते नाव पहिल्यांदाच ऐकत असते. चतुरंग प्रतिष्ठानची ही स्पर्धा इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिकांमध्येच होते आणि २५ जानेवारीच्या रात्री तिची अंतिम फेरी रंगते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मी कॉलेजात एकांकिकांचे कपडे केले, मग व्यावसायिक नाटकांचा कपडेपट सांभाळला. हे सगळं तिला वाचता येईल अशा भाषेत मांडायचं होतं. म्हणून मी रेझ्युमे लिहायला घेतला आणि त्याला बराच वेळ दिला.

सुरुवात कॉम्प्युटरवर केली नाही. घरात होतं ते सगळं जमिनीवर मांडलं: स्पर्धांच्या पुस्तिका, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं, मापांच्या वह्या, फोनमधले ग्रीनरूमचे फोटो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात एवढा पसारा म्हणजे आईला स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट राहिली नाही, पण तिनेच मापांच्या वह्या वर्षांप्रमाणे लावून दिल्या. मग प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहीत गेले. पात्रं किती, कपड्यांचे बदल किती, काळ कोणता, आणि त्या नाटकात कपड्यांनी नेमकी काय अडचण उभी केली. चौथ्या रकान्याने माझे डोळे उघडले. आपण रोज जे करतो त्याला आपण काम म्हणतच नाही. काळोखात विंगेत उभं राहून नायिकेची नऊवारी उतरवून तिला पंजाबी ड्रेसमध्ये बाहेर पाठवायचं, तेही पार्श्वसंगीताचा एक तुकडा संपेपर्यंत. त्यासाठी आधी ती नऊवारी शिवून घेतलेली असते, ओच्याच्या आत टिचबटणं असतात, ड्रेस नेसणीच्या खालीच चढवलेला असतो. दौऱ्यावर पत्र्याच्या ट्रंकांमधून कपडे जातात, दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात आणि रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनात प्रयोग असेल तर मधल्या वेळात घामाने भिजलेली ब्लाऊजं वाळवायची, उसवलेलं शिवायचं, इस्त्री करायची. एखाद्या कलाकाराची बदली झाली तर दोन दिवसांत नवं माप बसवायचं, म्हणून शिवतानाच आत मार्जिन सोडायचं.

रेझ्युमेच्या पहिल्या मसुद्यात या सगळ्याच्या जागी एकच ओळ होती: ‘वेशभूषा साहाय्यक म्हणून काम केले.’ ती ओळ खोटी नव्हती, पण तिच्यातून काहीच दिसत नव्हतं. चौथा रकाना समोर ठेवून तीच ओळ अशी झाली: ‘दोन अंकी कौटुंबिक नाटक; ११ कलाकार, २७ पोशाख; ३० सेकंदांच्या काळोखात नऊवारीतून आधुनिक वेशात बदल; दौऱ्यावर देखभाल, दुरुस्ती आणि बदली कलाकारांची फिटिंग्ज.’ नाटकाचं नाव, वर्ष आणि वेशभूषाकाराचं नाव शेजारी. सवाईबद्दलही अर्धी ओळ घातली: ‘वर्षभरातल्या प्रथम क्रमांकाच्या एकांकिकांची स्पर्धा’. एवढ्याने बाहेरच्या माणसाला पुरेसं कळतं.

त्यानंतर मी ताईंकडे गेले. ताई म्हणजे आमच्या एका नाटकाच्या वेशभूषाकारांच्या जुन्या सहकारी, आता हिंदी सेटवर कॉस्च्युम विभागात मोठ्या जबाबदारीवर. गोरेगावला राहतात. मी प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “अगं, हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. सेटवर कुणी कागद हातात घेत नाही. फोनवर उघडतं कसं ते बघू.” उघडलं तर पहिल्या पडद्यावर माझं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि ‘ध्येय’ या मथळ्याखालचा परिच्छेद. कामाचा एकही शब्द नाही. ताई म्हणाल्या, “आता समज मी डिझायनर आहे. उद्या माझी असिस्टंट आजारी पडली, परवापासून आउटडोअर आहे. मला तीन गोष्टी हव्यात. तू कोण, तू मुंबईत आहेस का, तुला बाहेरगावी पाठवता येतं का. बाकीचं मी त्यानंतर बघते.”

त्या बैठकीत रेझ्युमेचा वरचा भाग पूर्ण बदलला. नावाखाली ‘कॉस्च्युम असिस्टंट’, मग ‘मुंबई, आउटडोअरसाठी तयार’, मग फोन नंबर आणि ईमेल. त्याखाली दोन ओळी, त्याही माझ्या सगळ्यात दुर्मीळ कौशल्याच्या: नऊवारीच्या ब्राह्मणी, मराठा, कोळी आणि पेशवाई नेसणी, धोतर, उपरणं, पगडी यांचा सराव, कापड जुनं दिसावं म्हणून रंगकाम. हे वर आणण्याचा आग्रह ताईंचाच. मला वाटत होतं की नऊवारी नेसवणं काय, आमच्याकडे कितीतरी बायकांना येतं. पण ऐतिहासिक हिंदी मालिकेच्या सेटवर सकाळी सहाच्या कॉलला, म्हणजे सेटवर हजर राहायच्या वेळेला, जमलेल्या चाळीस ज्युनिअर आर्टिस्टना काष्टा सुटणार नाही अशी नेसवणारी माणसं सहज मिळत नाहीत. कोळणीची नेसण गुडघ्यापर्यंत आणि घट्ट, वाड्यातल्या बाईची घोळदार, हा फरक ज्याला हातानेच माहीत आहे तो त्या दिवशी विभागाचा किती वेळ वाचवतो, हे ताईंनी मला समजावलं.

हुद्द्याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. एकांकिकांमध्ये मी स्वतंत्र वेशभूषा केली होती, तेव्हा ‘कॉस्च्युम डिझायनर’ लिहावं असं माझं म्हणणं होतं. त्यांनी तो हुद्दा त्या एकांकिकेच्या ओळीपुरता ठेवायला सांगितला आणि शीर्षकात असिस्टंटच. सेटवरचा विभाग ठरलेल्या उतरंडीने चालतो: डिझायनर, त्यांचे असोसिएट, असिस्टंट, मग कपडे सांभाळणारे ड्रेसदादा आणि टेलरमास्टर. रेझ्युमे वाचणारा त्यातली एक रिकामी जागा भरत असतो. त्याच कारणाने अभिनयाचं बक्षीस, निवेदन, कथ्थकच्या परीक्षा हे सगळं या पानावरून गेलं. अभिनय मला आवडतो, पण तो वेगळा कागद आहे आणि त्याचे नियमही वेगळे. माझ्या अभिनय करणाऱ्या मैत्रिणी वर्सोव्याच्या आराम नगरमधल्या कास्टिंग ऑफिसांत फिरतात, त्यांच्या प्रोफाइलला उंची, वय कोणत्या पल्ल्यात दिसतं ते, भाषा आणि बोली, पोहणं-घोडेस्वारी-दुचाकी येते का, हे सगळं लागतं. मेकअपशिवायचा समोरचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो लागतो आणि एक इंट्रो व्हिडिओ: नाव, वय, उंची, शहर, मग डावीकडे वळून, उजवीकडे वळून. कपड्यांच्या विभागात माझ्या फोटोची कुणाला गरज नाही, म्हणून मी तो काढला. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, घरचा पत्ता, आधार क्रमांक हेही गेलं. विशेषतः मुलींनी घरचा पत्ता लिहूच नये असं माझं ठाम मत आहे. हे पान किती ग्रुपांमधून फिरेल ते आपल्या हातात राहत नाही.

यानंतर मला एक रिकामी जागा स्पष्ट दिसायला लागली. माझ्याकडे रंगभूमीचं काम भरपूर होतं आणि कॅमेऱ्यासमोरचं जवळजवळ नव्हतं. नाटकात प्रसंग क्रमाने होतात. शूटिंगमध्ये दाराबाहेरचा प्रसंग मढच्या बंगल्यावर आज होतो आणि तीच व्यक्ती दारातून आत येते तो प्रसंग गोरेगावच्या चित्रनगरीत पंधरा दिवसांनी. पदर त्याच खांद्यावर, पिन त्याच जागी, बाहीची घडी तेवढीच, चिखलाचा डाग त्याच आकाराचा हवा. याला कंटिन्युइटी म्हणतात आणि कॉस्च्युम असिस्टंटचा अर्धा दिवस त्यात जातो. हे मला येतं असं नुसतं लिहिणं मला मान्य नव्हतं. म्हणून पाठवणं थांबवलं आणि आधी ते काम शोधलं. मित्रमंडळींचे लघुपट होते, एका माध्यम महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची पदविका फिल्म होती. पैसे नव्हते किंवा प्रवासखर्चापुरते होते. पण प्रत्येक शॉटनंतर कलाकाराचे समोरून, मागून आणि बाजूने फोटो काढायचे, सीन नंबर लिहिलेली पाटी त्यात दिसेल असं बघायचं, गुगल शीट्सवर तक्ता भरायचा, ही सवय तिथे लागली. रक्ताचा किंवा पावसाचा प्रसंग असेल तर त्याच शर्टाचे तीन-चार नग आधीच घेऊन ठेवायचे, कारण दुसऱ्या टेकला कोरडा शर्ट लागतो, हेही तिथेच शिकले. मंगलदास मार्केट आणि हिंदमाताच्या दुकानदारांकडून एकाच ताग्याचं कापड राखून ठेवायला मी तेव्हापासून सांगायला लागले. रेझ्युमेत मग ‘कंटिन्युइटी’ हा शब्द आला तेव्हा त्याच्यामागे काम होतं.

यातल्या एका फिल्मच्या श्रेयनामावलीत माझं नाव आलं नाही. निर्मात्यांना दोनदा आठवण केली, उत्तर आलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं, कारण या क्षेत्रात नाव हीच पुढच्या कामाची पावती असते. ताईंनी यावर उपाय सांगितला, तो प्रत्येक नवख्या माणसाने करावा. रोजची कॉलशीट जपून ठेवायची. तिच्यावर तारीख, जागा, युनिटची नावं असतात. रेझ्युमेत ते काम लिहायचं आणि शेजारी आपण ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या विभागप्रमुखाचं नाव द्यायचं, आधी त्यांना विचारून. मी प्रत्येक व्यक्तीला फोन करून परवानगी घेतली. त्या फोनचा दुसराही उपयोग झाला: एका वेशभूषाकार काकांनी आठवण करून दिली की दौऱ्यात ट्रंक उशिरा पोहोचली तेव्हा मी सांगलीतल्या ओळखीच्या घरांतून साड्या जमवून प्रयोग उभा केला होता. मी ते विसरूनच गेले होते. ती अर्धी ओळ आजही माझ्या रेझ्युमेत आहे.

अजून प्रदर्शित न झालेल्या कामांचा प्रश्न नाजूक असतो. वेब मालिकांच्या करारात गुप्ततेचं कलम असतं आणि नाव आधी फुटलं तर ते काम तर जातंच, पुढचंही जातं. अशा ठिकाणी ‘हिंदी वेब मालिका, पीरियड (म्हणजे जुन्या काळातली), प्रदर्शनापूर्वी’ एवढंच लिहायचं. सेटवरचे फोटो तर पोर्टफोलिओत मुळीच नाहीत.

पोर्टफोलिओ मी वेगळ्या फाइलमध्ये केला, कारण रेझ्युमे एका पानाचा आणि फोनवर लगेच उघडेल इतका हलका राहायला हवा. त्यात निवडक कामं, आणि प्रत्येक कामाची तीन चित्रं: पेन्सिलचं रेखाटन, कापडाचा नमुना, रंगमंचावरचा पोशाख. मधली पायरी दाखवणं मला महत्त्वाचं वाटतं. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर केलेलं धोतर, पॉलिश पेपरने घासून कोपरांवर विरवलेला सदरा, हे तयार फोटोत कळत नाही. आधीचा आणि नंतरचा तुकडा शेजारी ठेवला की लगेच कळतं. रेखाटनांचा मला संकोच होता, कारण माझी चित्रकला साधी आहे. तेव्हा मी भानू अथैयांबद्दल पुन्हा वाचत होते. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढत होत्या आणि त्या वाटेने कपड्यांच्या कामात आल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह मिळालेलं ऑस्कर हे भारतीयाला मिळालेलं पहिलं ऑस्कर. त्यांच्या हातची रेषा माझ्याकडे नाही. पण कपडा आधी कागदावर विचार करून मग कापडात उतरतो हे दाखवायला साधी रेषाही पुरते, एवढं धैर्य त्यातून मिळालं आणि मी रेखाटनं ठेवली.

भाषेच्या बाबतीत रेझ्युमे इंग्रजीतच करावा लागतो, ते व्यवहाराचं आहे. मराठी चॅनेलच्या मालिकांसाठीही ऑफिसात इंग्रजी पानच फिरतं. मात्र मी ‘नऊवारी’, ‘काष्टा’, ‘बाराबंदी’ हे शब्द तसेच ठेवले आणि भाषांच्या ओळीत मराठी, हिंदी, इंग्रजीसोबत ‘देवनागरी पटकथा वाचते’ असं लिहिलं. हिंदी पटकथा बऱ्याचदा रोमन लिपीत असतात, पण संवादलेखक देवनागरीत लिहिणारे असले तर ऐन सेटवर बदललेलं पान हातात येतं आणि ते झरझर वाचणारं माणूस विभागात हवं असतं.

मानधनाचा आकडा लिहिला नाही. तो फोनवर ठरतो, तेव्हाच पैसे किती दिवसांनी मिळणार हेही विचारून घ्यायचं. टीव्हीच्या कामात नव्वद दिवसांची रीत आहे आणि घरभाडं नव्वद दिवस थांबत नाही.

पाठवण्याची पद्धत मी नाटकवाल्यांच्या शिस्तीने ठेवली. फाइलच्या नावात माझं नाव आणि हुद्दा. सकाळी अकराच्या आसपास मेसेज, कारण त्याआधी कॉल टाइमची धांदल असते आणि रात्री शिफ्ट संपलेली माणसं थकलेली असतात. मेसेज असा: मी कोण, कुणाच्या ओळखीने लिहीत आहे, नऊवारी आणि पीरियड कपड्यांचा अनुभव, कोणत्या तारखेपासून मोकळी आहे, रेझ्युमे सोबत जोडला आहे. सगळ्यांना एकच मजकूर कधीच पाठवला नाही. ज्या डिझायनरना लिहायचं त्यांचं अलीकडचं काम बघून, त्यातलं मला खरंच भावलेलं एक वाक्यात लिहिलं. काही उत्तरं आली, बरीच आली नाहीत. एका ठिकाणाहून ‘आधी नोंदणी फी भरा’ असा निरोप आला. काम देणारा माणूस काम मागणाऱ्याकडून पैसे घेत नाही. मी उत्तर न देता तो नंबर ब्लॉक केला आणि आमच्या ग्रुपवर तो सगळ्यांना कळवला.

ज्या फोनने काम मिळालं तो एका डिझायनरच्या असोसिएटचा होता. त्यांनी रेझ्युमेतली एकच गोष्ट विचारली: कोळी आणि पेशवाई नेसण दोन्ही येतात म्हणजे नक्की किती वेळात? मी वेळ सांगितला आणि तिघींना एकत्र नेसवायचं असेल तर काय करते तेही. दुसऱ्या दिवशी घाटकोपरला उतरून मेट्रोने वर्सोवा, तिथून रिक्षाने आराम नगर. जुन्या बैठ्या घरातलं ऑफिस, भिंतीवर पात्रांच्या वेशांची चित्रं लावलेले लुक बोर्ड, खाली कापडांचे गठ्ठे. डिझायनर मॅडमनी पटकथेची काही पानं दिली आणि विचारलं, “ब्रेकडाउन कैसे करोगी?” मी आधी कथेतले दिवस मोजायला घेतले. सीन कितीही असोत, कथेत दिवस बदलला की कपडे बदलतात; सलग सहा सीन एकाच संध्याकाळचे असतील तर साडी तीच राहते आणि फक्त तिची अवस्था बदलते, पदर खोचलेला, मग सुटलेला, मग भिजलेला. मी प्रत्येक सीनसमोर दिवस, वेळ आणि कपड्याची अवस्था लिहीत गेले. भिजलेल्या सीनपाशी ‘४ नग’ असं लिहिलं तेव्हा मॅडमनी कागद घेतला आणि असोसिएटना म्हणाल्या, “फिटिंग पे बुला लो.”

त्या मालिकेवर मी बरेच महिने काम केलं. आता रेझ्युमेत ते काम सगळ्यात वर आहे, मालिकेच्या नावाशिवाय, आणि एकांकिकांचा भाग दोन ओळींत आला आहे. नेसणींची ओळ मात्र हलवलेली नाही.

सध्या आमच्या असोसिएट मॅडम पुढच्या कामासाठी आलेले रेझ्युमे मला आधी चाळायला देतात. बहुतेकांत ‘कष्टाळू’, ‘सर्जनशील’, ‘टीममध्ये काम करण्याची आवड’ असं असतं आणि कपड्यांबद्दल काहीच नसतं. हे वाचताना मला त्या मुलामुलींची तळमळ कळते, म्हणून ज्यांचा नंबर दिलेला असतो त्यांना मी मेसेज करते: कोणतं काम, किती कपडे, तुम्ही नेमकं काय केलंत, एवढं लिहून परत पाठवा. बरेच जण पाठवतात. गेल्या आठवड्यात सोलापूरच्या एका मुलाचं पान परत आलं. त्याने हौशी नाट्यस्पर्धेतल्या नाटकांचे कपडे केले होते आणि आता त्यात एक नवी ओळ होती: घरच्या हातमागावर साडीचा काठ वेगळा विणून जुन्या पदराला जोडतो. ते पान मी मॅडमना सगळ्यात आधी दाखवलं. सोमवारी त्याला फिटिंगला बोलावलं आहे, येताना तो काठाचे नमुने घेऊन येणार आहे.